परिचारिकेचे पुढचे शिक्षण : खरा रस्ता आणि खोटी पाटी

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाने ठेवलेल्या कार्यक्रमातील भाषण. मंडळाच्या मुलींनी टिपून घेतले, मी वाचून दुरुस्त केले. बोलण्यातले शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)



महिला मंडळाने मला विषय दिला तेव्हा अध्यक्षसाहेब म्हणाले, वर्धापनदिनाला धम्मावर बोला. मी म्हणालो, हा धम्माचाच विषय आहे. विनयपिटकात महावग्ग नावाचा ग्रंथ आहे, त्यात एक प्रसंग येतो. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. कारण काय, तर तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता! तथागत आणि आनंद तिथे गेले, पाणी आणले, त्याला आपल्या हाताने धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. त्याच ठिकाणी चांगली शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत. औषध तयार करता आले पाहिजे. रोग्याला काय चालते, काय चालत नाही हे कळले पाहिजे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा केली पाहिजे. मळ, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस येता कामा नये. आणि रोग्याला धीराचे दोन शब्द सांगता आले पाहिजेत. आता नीट बघा, यातले पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. नुसती माया असून भागत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

आपल्या आयाबायांनी यातले शेवटचे गुण पिढ्यान्‌पिढ्या दाखवले. गावोगावी बाळंतपणे कुणी केली? सुईण म्हणून अर्ध्या रात्री कुणाला हाक मारीत? पुष्कळ गावांत ती आपल्या किंवा मांगवाड्यातल्या बाईलाच असे. तिच्या हाताने पोर जन्माला यायचे, नाळ ती कापायची, घाण ती उचलायची, आणि बारशाच्या दिवशी तीच बाई अंगणाच्या बाहेर उभी! मोबदला काय, तर पसाभर धान्य आणि एखादे जुने लुगडे. हात तेच, काम तेच, पण त्या हाताला कागद नव्हता म्हणून त्याला किंमत नव्हती. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता गेल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. आज आपल्या वस्तीतल्या किती मुली दवाखान्यात कामाला आहेत, मंडळाने मोजले तर तुम्हीच चकित व्हाल. पण त्यातल्या किती जणींचे नाव सरकारी रजिस्टरात आहे? माझे आजचे बोलणे या एका प्रश्नावर आहे.

गिरणीत काम केलेल्यांना बदली कामगार म्हणजे काय ते सांगायला नको. गेटवर उभा राहायचा, कुणाचा खाडा पडला तर आत. काम कायमवाल्याइतकेच, पण पगार, रजा, ग्रॅच्युइटी यात फरक. खाजगी दवाखान्यातली बिननोंदणीची सिस्टर ही बदली कामगारच आहे. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, डॉक्टर सिस्टर म्हणतात, ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, रात्रभर जागते. पण काही उलटसुलट झाले, चौकशी आली, की तीच सिस्टर कागदावर ‘मदतनीस’ निघते. मग इंजेक्शन तू कोणत्या अधिकाराने दिलेस, असे तिलाच विचारतात.

म्हणून आधी पायऱ्या समजून घ्या. घाई नको, मी सावकाश सांगतो.

सगळ्यात खाली रुग्णसहाय्यक, ज्याला हल्ली जी.डी.ए. म्हणतात, असे काही महिन्यांचे कोर्स आहेत. ते वाईट नाहीत, त्यातून काम मिळते. पण त्यातून नर्स होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. त्याच्या वर ए.एन.एम. हा कोर्स दोन वर्षांचा आहे. पूर्वी तो दहावीवर होत असे, आता बारावी लागते, शाखा कोणतीही चालते. उपकेंद्रात लस देणारी, गरोदर बाईची तपासणी करणारी नर्सबाई ती ही. तिच्या वर जी.एन.एम., तीन वर्षांचा डिप्लोमा. तोही बारावीवर, इंग्रजी विषयासह. आणि त्याच्या वर पदवी. ज्यांनी बारावीला विज्ञान घेऊन जीवशास्त्र केले त्यांना सरळ चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. ज्या कला शाखेतून आल्या त्यांनी जी.एन.एम. करून नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचे. ही दोन्ही पदव्यांची शिक्षणे आपल्या राज्यात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. जी.एन.एम.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

नोंदणी करते महाराष्ट्र परिचर्या परिषद. राज्याचा १९६६ चा परिचारिका कायदा आहे, त्याखाली ही परिषद चालते. ए.एन.एम.ची नोंद वेगळी आणि जी.एन.एम. किंवा पदवीवाल्या बाईची वेगळी. दुसरीच्या नावापुढे आर.एन., आर.एम. लागते, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण. सुईण हा शब्द बघा कसा परत आला! आपल्या आजीला जो शब्द गावकुसाबाहेर ठेवीत होता, तोच शब्द आता सरकारी शिक्क्यासह नातीच्या नावापुढे लागतो. देशाच्या पातळीवर भारतीय परिचर्या परिषद आहे, ती १९४७ च्या कायद्याने झाली. त्या जागी नवा राष्ट्रीय आयोग आणण्यासाठी संसदेने २०२३ साली वेगळा कायदा केला आहे. नावे बदलतील, पण रजिस्टर राहणार आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या ए.एन.एम. झालेल्या मुली. दोन वर्षे शिकल्या, कंत्राटावर लागल्या, लग्न झाले, एक मूल झाले. त्या विचारतात, “काका, आता जी.एन.एम. ऑनलाइन करता येईल का? मोबाईलवर जाहिरात आली आहे, घरबसल्या होतं म्हणतात.”

त्यांना मी सरळ सांगतो, बाई, होत नाही. ए.एन.एम. असो, जी.एन.एम. असो, पहिली पदवी असो, ती घरबसल्या मिळत नाही आणि टपालानेही मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाची नियमावली २०२० साली काढली, तीत जे विषय या मार्गाने शिकवायला मनाई आहे त्यांत नर्सिंगचे नाव आहे. आणि मनाई योग्यच आहे, हे मी कामगार म्हणून सांगतो. रिंगखात्यात तुटलेला धागा जोडायला पुस्तकात वाचून कोण शिकला आहे? साचा चालू असतो, बोट आत जायची भीती असते, आणि जुना कामगार शेजारी उभा राहून हात धरून शिकवतो. तिथे तर नुसते सूत आहे. इथे माणसाची शीर आहे. म्हणून नर्सिंग शाळेला रुग्णालय जोडलेले असावे लागते, साधारण नियम शंभर खाटांचा आहे. ज्या शाळेजवळ वॉर्डच नाही ती शाळा तुम्हाला काय शिकवणार?

आपल्या वस्तीतल्या एका मुलीची हकिकत सांगतो. तिचे नाव सांगत नाही, संस्थेचेही सांगत नाही. तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या माडीवर ‘नर्सिंग इन्स्टिट्यूट’ची पाटी होती. एक वर्षाचा डिप्लोमा, आठवड्यातून एक दिवस क्लास, बाकी मोबाईलवर व्हिडिओ. आईने गळ्यातले मोडून फी भरली. वर्ष संपले, गाउन-टोपी घालून फोटो काढला, सोनेरी अक्षरांचे सर्टिफिकेट मिळाले. ते घेऊन पोरगी जिल्ह्याच्या रुग्णालयात भरतीला गेली. तिथल्या कारकुनाने सर्टिफिकेट उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले आणि एकच विचारले, रजिस्ट्रेशन नंबर? तिने सर्टिफिकेटवरचा क्रमांक दाखवला. तो म्हणाला, हा तुमच्या दुकानाचा नंबर झाला, परिषदेचा सांगा. ती पोरगी चार दिवस घरात जेवली नाही. आम्ही कार्यकर्ते त्या संस्थेत गेलो, बरीच बोलाचाली झाली, अर्धी रक्कम परत आली. ते वर्ष मात्र परत आले नाही. आज ती खऱ्या शाळेत जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे इथे आनंदाने सांगतो. ती मागे कुठेतरी बसली असेल, तिच्याकडे वळून बघू नका!

आणि हे फक्त आपल्याकडे घडते असे समजू नका. अमेरिकेत आपल्या ए.एन.एम.सारखीच खालची पायरी आहे, तिला प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. साधारण एक वर्षाचे शिक्षण आणि मग लायसन्सची परीक्षा. तिथून वर रजिस्टर्ड नर्स व्हायला मधला पूल आहे. पहिले शिक्षण काही अंशी धरले जाते, थिअरी ऑनलाइन करता येते, पण वॉर्डातले काम प्रत्यक्षच करावे लागते. शिवाय त्या त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाला तो कोर्स मान्य आहे की नाही हे बघावे लागते, नाहीतर परीक्षेलाच बसता येत नाही. एवढा बंदोबस्त असूनही जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या तीन शाळांचे प्रकरण उघडकीस आले. साडेसात हजारांवर खोटे डिप्लोमे विकले गेले होते. घेणाऱ्यांत प्रॅक्टिकल नर्सही होत्या, ज्यांना वर जायचे होते. म्हणजे गरज सगळीकडे तीच आहे. कामावरची बाई, घरी मुले, वेळ नाही, पगार वाढवायचा आहे. या गरजेवरच तिथला ठगही जगतो आणि इथलाही.

आपल्याकडे तसा पूल नाही, हे दुःख आहे. ए.एन.एम.ची दोन वर्षे जी.एन.एम.मध्ये धरली जात नाहीत, पुन्हा पूर्ण तीन वर्षे करावी लागतात. माझ्या मते हा अन्याय आहे. दहा वर्षे उपकेंद्रात शंभर बाळंतपणे केलेली बाई आणि काल बारावी झालेली पोर एकाच बाकावर! संघटनांनी हा प्रश्न उचलला पाहिजे. परंतु नियमात एक दरवाजा उघडा आहे, तो पुष्कळांना माहीत नाही. जी.एन.एम.ला एरवी ४० टक्के गुण आणि ३५ वर्षांची वयोमर्यादा असते. नोंदणीकृत ए.एन.एम.ला मात्र भारतीय परिषदेच्या नियमाप्रमाणे उत्तीर्ण गुण पुरतात आणि वयाची अट नाही. म्हणून चाळिशीला आलेल्या ताईंनी ‘आता आमचं काय वय राहिलं’ असे म्हणू नये. तुमच्याकडे नोंदणीचा कागद आहे ना? मग तो बाहेर काढा.

दूरशिक्षण एकाच ठिकाणी खरे होते, तेही वरच्या पायरीवर. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ पासून पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा तीन वर्षांचा कोर्स नोकरीतल्या नर्सेससाठी चालवला. जी.एन.एम. होऊन नोंदणी झालेली हवी, बारावीनंतर केले असेल तर दोन वर्षांचा अनुभव, दहावीनंतर केले असेल तर पाच वर्षांचा. त्यातही पुस्तके घरी, पण प्रात्यक्षिकाला ठरलेल्या केंद्रावर जावेच लागते. ज्यांना नोकरी सोडणे शक्य नाही त्यांनी विद्यापीठाच्या स्वतःच्या जाहिरातीत पाहावे आणि त्या वर्षी प्रवेश असेल तरच अर्ज भरावा. ‘आम्ही तुमचं ॲडमिशन तिथे करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे जाऊ नये. मुक्त विद्यापीठाला एजंट कशाला लागतो?

शाळा निवडताना काय विचारायचे? पहिली गोष्ट, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या आणि भारतीय परिषदेच्या यादीत त्या शाळेचे नाव, त्याच कोर्ससाठी आणि त्याच वर्षासाठी आहे का, हे स्वतः बघायचे. संस्थेने भिंतीवर लावलेली झेरॉक्स चालत नाही. ए.एन.एम.ची मान्यता दाखवून जी.एन.एम.ला मुली भरणारेही असतात. दुसरी गोष्ट, वॉर्ड कुठे आहे, हे विचारून त्या रुग्णालयात आपण जाऊन यायचे. फाटकावरच्या चहावाल्याला विचारा, इथे शिकाऊ नर्स येतात का. तो खोटे सांगणार नाही. मागच्या बॅचच्या दोन मुलींना गाठून विचारा, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर आला का. आणि मूळ सर्टिफिकेटे कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ घरी आणायची. कोर्सनंतर अमुक वर्षे आमच्याच दवाखान्यात राबले पाहिजे असा बाँड लिहून मागितला तर सही करू नका. आधी मंडळाकडे या.

पैशाचे बोलतो, कारण खरे अडते तिथेच. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. पण मॅनेजमेंट कोट्यातून, संस्थेने परस्पर दिलेल्या जागेवर गेलात तर शिष्यवृत्तीला मुकाल. एजंट हे शेवटपर्यंत सांगत नाही. तो म्हणतो, “सीईटी-फिईटी सोडा, सीट पक्की करून देतो.” सीट पक्की होते आणि बाप कर्जात जातो. म्हणून सीईटी कक्षाच्या जाहिराती वेळेवर पाहा आणि सरकारी फेरीतूनच प्रवेश घ्या. आणखी एक अडचण आहे. एका पातळीचे शिक्षण झाल्यावर पुन्हा त्याच पातळीचा दुसरा कोर्स घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही असा नियम आहे. ए.एन.एम.वरून जी.एन.एम.ला जाणाऱ्यांनी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आधीच अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘हो-हो’वर विसंबू नये.

जातीच्या दाखल्याचे बघा. १९९० साली केंद्राने कायदा दुरुस्त करून धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, त्यासाठी केवढा लढा झाला हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. बौद्ध झालेल्यांना दाखला नमुना सातमध्ये मिळतो. तो आणि पडताळणीचे प्रमाणपत्र बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. प्रवेशाच्या तारखेला समितीच्या दारात रांग लावून उपयोग नाही. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे, तिच्या अटी आमच्याकडे लिहून ठेवल्या आहेत.

इंग्रजीची भीती पुष्कळ मुलींना असते. मी नववीतून शाळा सोडून गिरणीत लागलो. कामगार कायदा साहेब सांगेल तो खरा मानायचा नव्हता, म्हणून डिक्शनरी घेऊन तो ओळीओळीने वाचला. तेव्हा भीती वाटणे मला समजते. पण शरीराचे शब्द तेच तेच येतात. रोज दहा लिहून पाठ केले तर वर्षभरात पुस्तक उघडे पडते. दर रविवारी विहारात दोन तास बसायचे असे आम्ही ठरवत आहोत. एक निवृत्त सिस्टर शिकवायला तयार आहेत.

आता पुरुषांकडे वळतो. मागे उभे आहेत ते पुढे या, जागा आहे. बाई शिकायला निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, पोराला कोण बघणार? नाईट ड्यूटी आली की शेजारी कुजबुज करतात. तुम्ही रातपाळी केली तेव्हा तुमच्या चारित्र्यावर कुणी बोलले का? जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून पुढे नाचता, चांगली गोष्ट आहे. पण बायकोची परीक्षा असेल त्या महिन्यात भाकरी तुम्ही थापा. येत नसतील तर डाळ-भात लावा, त्याला सीईटी लागत नाही. आणि सासूबाईंनो, तुमच्या सुनेच्या नावापुढे आर.एन. लागले तर म्हातारपणी तुमचे बी.पी. बघायला कुणाच्या दारात जावे लागणार नाही, एवढा स्वार्थ तरी बघा!

ज्या कायम सरकारी नोकरीत आहेत त्यांनी अध्ययन रजेचा अर्ज करावा, राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत तशी तरतूद आहे. कंत्राटी बहिणींना ती नाही. त्यांना कंत्राट सोडूनच जावे लागेल, तेव्हा तीन वर्षांचा घरखर्च कसा भागेल याचा हिशेब नवराबायकोने बसून आधी करावा. तो जमत नसेल तर एक वर्ष थांबा, पैसे साठवा, कागद तयार ठेवा. पण थांबलात म्हणून त्या वर्षात माडीवरच्या पाटीला भुलू नका. आणि ज्यांची नोंदणी झाली आहे त्यांनी दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते हे विसरू नये. मागच्या महिन्यात एकीची मुदत संपून गेलेली निघाली, ऐन मुलाखतीच्या आठवड्यात.

माझा वेळ संपला, भन्तेजींच्या धम्मदेशनेला उशीर नको. भोजनदानानंतर मी आणि मंडळाच्या दोन मुली खालच्या ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना शाळेचे नाव तपासायचे आहे त्यांनी नाव, गाव आणि कोर्स चिठ्ठीवर लिहून आणावे, तिथेच मोबाईलवर यादी काढून दाखवू. ज्यांनी कुठे आधीच पैसे भरले आहेत त्यांनी पावती आणावी, लाज बाळगू नये. पुढच्या रविवारी सकाळी दहाला शिष्यवृत्तीचे अर्ज भरू. येताना उत्पन्नाचा दाखला, नमुना सात, मार्कशीट आणि आधारला जोडलेले बँकेचे पासबुक घेऊन या. झेरॉक्स इथे फुकट मिळेल.

नमो बुद्धाय! जयभीम!